सर, कोणाला सांगू नका

केंद्राच्या शिक्षण परिषदेत निकाल, पटसंख्या, पोषण आहार असं सगळं बोलून झालं की चहाच्या वेळी शिक्षक एकमेकांना एक प्रश्न हळूच विचारतात. पोरानं किंवा पोरीनं आपल्याजवळ येऊन काही गंभीर सांगितलं, तर करायचं काय? आपण डॉक्टर नाही, वकील नाही, पोलीस नाही. ऐकून गप्प बसावं तर मन खातं. काही करावं तर त्याच गावात, त्याच लोकांत रोज वावरायचं असतं.

अर्धापूर घ्या. नांदेडहून वीसेक किलोमीटर, केळीच्या बागांचा आणि हळदीचा तालुका. नांदेडला वैद्यकीय महाविद्यालय आहे, न्यायालय आहे, मानसोपचारतज्ज्ञ आहेत. पण आठवीतल्या पोरीला तिथवर एकटीनं जाता येत नाही, आणि गेली तरी कोणाचं दार ठोठवायचं हे तिला ठाऊक नसतं. हाकेच्या अंतरावर असलेलं, नात्यागोत्याबाहेरचं मोठं माणूस तिला एकच दिसतं: वर्गावर येणारे सर किंवा मॅडम. म्हणून हे प्रकरण अर्धापूरच्या शिक्षकाला समोर ठेवून लिहिलं आहे.

१. मुलं काय सांगतात, कसं सांगतात

केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयानं २००७ मध्ये बालकांच्या छळाबद्दलचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून तो झाला होता, आणि त्यात महाराष्ट्रही होता. ५३.२२ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या स्वरूपाचा लैंगिक त्रास झाल्याचं सांगितलं. त्यांत मुलगे मुलींपेक्षा थोडे जास्तच होते. त्रास देणाऱ्यांपैकी निम्मे मुलाच्या ओळखीचे, विश्वासातले होते. बहुतेक मुलांनी ही गोष्ट तोवर कोणालाच सांगितली नव्हती.

शिक्षकापर्यंत येणारं सगळंच असं नसतं. घरी सोयरीक बघत असतात. वडील दारू पिऊन आईला मारतात. आईवडील कोयता घेऊन कारखान्याकडे निघालेले असतात आणि धाकट्या भावंडांना सांभाळायला कोणी नसतं. कोणी जातीवरून बोलतं. कोणाचा फोटो मोबाइलवर फिरत असतो. आणि काही वेळा प्रश्न इतका लहान दिसतो की मोठ्यांना तो प्रश्नच वाटत नाही. ऑक्टोबर २०१५ मध्ये, दुष्काळाच्या दिवसांत, लातूर जिल्ह्यातली एक महाविद्यालयीन मुलगी आत्महत्येनं गेली. एसटीच्या महिन्याच्या पासाचे २६० रुपये घरातून निघत नव्हते, आणि त्यापायी कॉलेज बुडत होतं. असा मृत्यू एका कारणानं होत नाही. नापिकी, कर्ज, घरची ओढाताण असं पुष्कळ मागं साचलेलं असतं. पण तो पास तेवढ्यापुरता तरी सुटण्यासारखा होता. नंतर सरकारनं दुष्काळी भागातल्या विद्यार्थ्यांना पास मोफत केला. आज ग्रामीण भागातल्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून बारावीपर्यंत एसटीचा पास फुकट मिळतो. वर्गात कोणी वारंवार गैरहजर राहत असेल तर ‘का आली नाहीस?’ असं दरडावण्याआधी ‘येतेस कशी?’ एवढं विचारायला हवं, ते यासाठी.

मूल एका दमात सगळं सांगत नाही. सुटीची घंटा होते, वर्ग रिकामा होतो, आणि एखादी मुलगी वही तपासून घ्यायचं निमित्त काढून टेबलाजवळ घुटमळते. म्हणते, ‘मॅडम, माझी एक मैत्रीण हाय...’ किंवा नुसतंच, ‘उद्यापासून मी येणार नाही.’ ही चाचपणी असते. या पहिल्या वाक्यावर तुमचा चेहरा कसा होतो, यावर दुसरं वाक्य येणार की नाही हे ठरतं. मुलगे तर आणखी उशिरा बोलतात. पुष्कळदा बोलतच नाहीत, भांडतात. वर्गात अचानक हाणामारी करू लागलेल्या मुलाला शिक्षा करण्याआधी एकदा बाजूला घेऊन विचारणं हा माझ्या मते शिक्षकाच्या कामाचाच भाग आहे.

२. ऐकताना

दोन उत्तरं शेजारी शेजारी ठेवून पाहू. प्रसंग कल्पित आहे, पण मराठवाड्यातल्या शिक्षकाला तो परका वाटणार नाही. नववीतली मुलगी म्हणते, ‘मॅडम, घरी सोयरीक बघायलेत.’

पहिलं उत्तर: ‘अगं, तुझे पप्पा किती समंजस आहेत! उगाच काही मनात आणू नकोस. सहामाही जवळ आली, अभ्यास कर.’

हे मायेनंच बोललेलं असतं. पण मुलीला त्यातून एवढंच कळतं की मॅडमचा विश्वास बसला नाही. ती ‘हो’ म्हणते, वही उचलते आणि पुन्हा येत नाही.

दुसरं उत्तर: ‘बस माय इथं. कधी कळलं तुला?’

‘काल. रविवारी पाहुणे यायलेत.’

‘बरं. मग?’

‘मामा म्हणले, दिवाळी झाली की उरकून टाकू.’

‘आणि आई?’

‘आई गप हाय.’

तीन छोट्या प्रश्नांत शिक्षिकेला कळलं की हातात किती दिवस आहेत, घरात शब्द कोणाचा चालतो, आणि कदाचित कोण आपल्या बाजूनं उभं राहू शकेल. तिनं उपदेश केला नाही, धीराची लांबलचक वाक्यंही बोलली नाही.

बसायचं कुठं, हेही महत्त्वाचं. दार लावलेल्या खोलीत नको. व्हरांड्याच्या टोकाला किंवा मैदानातल्या झाडाखाली, म्हणजे सगळ्यांना दिसेल पण ऐकू कोणाला जाणार नाही. यात मुलाची सोय आहे आणि शिक्षकाचीही. ‘तेव्हाच का नाही सांगितलंस?’, ‘तू तिथं गेलीस कशाला?’ असे प्रश्न टाळावेत. त्यांतून दोष मुलाच्या पदरात पडतो. ‘मग?’ आणि ‘पुढं काय झालं?’ एवढे दोन प्रश्न बहुतेक वेळा पुरतात. मुलगी थांबली तर आपणही थांबावं. वर्गातली शांतता भरून काढायची आपल्याला सवय असते, पण अशा वेळी तीच शांतता मुलीला पुढचं वाक्य जुळवायला लागते.

संतापूनही चालत नाही. ‘त्याला मी सोडणार नाही’ असं ऐकून मुलीला धीर येईल असं वाटतं, पण तो माणूस तिचा चुलता किंवा आत्येभाऊ असू शकतो. आपल्या एका वाक्यानं घर पेटणार, या भीतीनं ती आपलं बोलणं तिथंच फिरवते.

आणि तपास करू नये. काहीतरी वाईट घडलं असावं, एवढं कळलं की खोदून विचारणं थांबवावं. मुलीला तेच पुढं पोलिसांना, डॉक्टरांना, न्यायालयात सांगायचं असतं. दर वेळी जखम उघडी पडते. शिवाय ‘त्यानं तुला इथं हात लावला का?’ अशा प्रश्नातून उत्तर आपणच तिच्या तोंडात घालतो, आणि उलटतपासणीत वकील नेमकं त्यावर बोट ठेवतो. त्यापेक्षा तीन गोष्टी बोलाव्यात: सांगितलंस ते चांगलं केलंस, यात तुझा काही दोष नाही, आता पुढचं मी तुझ्यासोबत बघते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०११ मध्ये संकटातल्या माणसाला पहिला आधार कसा द्यावा यावर एक पुस्तिका काढली. डॉक्टर नसलेल्या मदतनिसांसाठीच ती होती. तिचं सार तीन क्रियापदांत मावतं: पाहा, ऐका, जोडून द्या. यातलं तिसरं क्रियापद आपण सहसा विसरतो.

३. देता न येणारं वचन

सगळं सांगून झालं की, किंवा सांगायच्या आधीच, मूल म्हणतं, ‘सर, कोणाला सांगू नका.’

जिभेवर लगेच येतं, ‘नाही सांगणार, शपथ.’ या प्रकरणातून वाचकानं एकच गोष्ट नेली तरी चालेल: ही शपथ घेऊ नये. ती पाळली तर मूल त्याच माणसाच्या, त्याच घराच्या तावडीत राहतं. मोडली तर त्याचा शेवटचा भरवशाचा माणूस जातो, आणि मोठ्या माणसांना सांगून उपयोग नसतो ही त्याची समजूत पक्की होते. दोन्हीकडून मूलच हरतं.

मग म्हणायचं काय? ‘तुझ्या माघारी मी काही करणार नाही. पण तुझ्या जिवाला किंवा शरीराला धोका असेल, तर मला एक-दोन माणसांना सांगावंच लागेल. ती कोण, ते आधी तुला सांगीन.’ हे वचन पाळता येतं. ऐकून काही मुलं तिथंच थांबतील, आणि तो तोटा खरा आहे. तेव्हा ‘आज नको वाटत असेल तर उद्या ये, मी आहे’ एवढं म्हणावं, १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर तिच्या वहीत लिहून द्यावा, आणि तिच्यावर नजर ठेवावी. माझा कौल तरीही याच बाजूनं आहे. खोट्या शपथेवर मिळालेली माहिती हातात घेऊन शिक्षकाला पुढं एक पाऊलही टाकता येत नाही.

शिक्षकानं गुपित ठेवू नये, हा विचार कायद्यात आला त्याला फार वर्षं झालेली नाहीत. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातले बालरोगतज्ज्ञ हेन्री केम्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ मध्ये एक लेख प्रसिद्ध केला. ‘पडला’ म्हणून रुग्णालयात आणलेल्या कित्येक मुलांची हाडं प्रत्यक्षात घरच्या मारानं मोडलेली असतात, असं त्यांनी दाखवून दिलं. पुढच्या पाच वर्षांत तिथल्या सगळ्या राज्यांनी अशी शंका आल्यास कळवण्याचे कायदे केले. विचार सरळ होता: मूल स्वतः पोलिसांत जात नाही, तेव्हा ज्याला दिसलं त्यानं जायचं.

आपल्याकडे हे बंधन पोक्सो कायद्यानं घातलं. बालकांवरच्या लैंगिक गुन्ह्यांसाठीचा हा कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. १८ वर्षांखालच्या मुलावर असा गुन्हा झाल्याचं किंवा होण्याची शक्यता असल्याचं ज्याला कळलं, त्यानं स्थानिक पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवलंच पाहिजे, असं कलम १९ सांगतं. न कळवल्यास कलम २१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. संस्थेच्या प्रमुखानं आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत. १०९८ ला फोन करणं चांगलंच, पण कायद्याच्या दृष्टीनं खबर पोलिसांपर्यंत जायला हवी. मुख्याध्यापकांची परवानगी घ्या, असं कायदा कुठंही म्हणत नाही. आणि चांगल्या हेतूनं खबर देणाऱ्यावर त्याबद्दल कारवाई होत नाही, हेही त्याच कलम १९ मध्ये आहे.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याच्या एका शाळेच्या वसतिगृहात आदिवासी मुलींवर अत्याचार झाल्याचं प्रकरण २०१९ मध्ये उघडकीला आलं. मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरनं खबर दिली नाही म्हणून त्याच्यावर गुन्हा नोंदला गेला. उच्च न्यायालयानं तो रद्द केला होता. २ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयानं तो पुन्हा जिवंत केला. माहीत असून न कळवणं हा स्वतःच गंभीर गुन्हा आहे आणि त्यातून बहुधा अत्याचार करणाऱ्याला आडोसा मिळतो, असं न्यायालयानं म्हटलं. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाले, लोक रेल्वे रुळांवर उतरले, आणि तिथंही शाळेच्या पदाधिकाऱ्यांवर न कळवल्याचा गुन्हा नोंदला गेला.

मुलीला पोलीस ठाण्यात नेऊन बसवतील ही भीती पालकांना आणि शिक्षकांनाही असते. कायदा वेगळं सांगतो. जबाब तिच्या घरी किंवा तिला हव्या त्या ठिकाणी घ्यायचा. शक्यतो महिला उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्यानं, आणि गणवेशात नाही. रात्री मुलाला ठाण्यात ठेवायचं नाही. आणि कलम २६ नुसार जबाबाच्या वेळी आईवडील किंवा मुलाचा जिच्यावर भरवसा आहे अशी व्यक्ती जवळ बसू शकते. ती व्यक्ती त्याच मॅडम असू शकतात, ज्यांच्यापाशी ती पहिल्यांदा बोलली. हे पुष्कळ शिक्षकांच्या कानावरच आलेलं नसतं.

एक अवघड जागा इथंच सांगून टाकतो. वहीत चिठ्ठी सापडली, कोणावर मन बसलं आहे, एवढ्यानं काही गुन्हा होत नाही आणि त्यात कोणाला कळवण्याजोगंही काही नसतं. ती चिठ्ठी घेऊन तडक पालकांकडे जाणारे शिक्षक असतात, आणि आपण कर्तव्य केलं असं त्यांना मनापासून वाटतं. पण आपल्याकडे अशा चिठ्ठीवर घरचा पहिला इलाज म्हणजे पंधरा दिवसांत मुलीचं लग्न. गोष्ट शरीरसंबंधापर्यंत गेली असेल तर मात्र १८ वर्षांखाली संमतीला कायदा संमती मानत नाही, आणि वरचं बंधन लागू होतं.

४. धरा, सोयरीक जमली आहे

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९–२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचं लग्न १८ च्या आत झालेलं आढळलं. नांदेडला लागून असलेल्या परभणी जिल्ह्यात हा आकडा ४८ टक्के होता. म्हणजे इथल्या माध्यमिक शिक्षकाला नोकरीत हा प्रश्न एकदा तरी भेटणारच.

आईवडील दुष्ट असतात म्हणून हे होतं असं धरून चाललो तर पहिल्याच भेटीत बोलणं खुंटेल. ऊसतोडीची उचल मुकादम जोडप्याला देतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. लग्न झालं की घरात नवा कोयता उभा राहतो. शिवाय सहा महिने कारखान्याच्या तळावर राहायचं असताना वयात आलेल्या मुलीला गावात कोणाच्या भरवशावर सोडायचं, हा प्रश्न खोटा नाही. त्याला उत्तर म्हणून शाळेच्या हातात काही गोष्टी आहेत: स्थलांतरित पालकांच्या मुलांसाठीची हंगामी वसतिगृहं, समाजकल्याणची वसतिगृहं, कस्तुरबा गांधी बालिका विद्यालयं. ‘लग्न करू नका’ म्हणणाऱ्या शिक्षकापेक्षा वसतिगृहाचा भरलेला अर्ज घेऊन आलेल्या शिक्षकाचं आई जास्त ऐकून घेते.

वेळ असेल तर असं बोलावं. पण तारीख धरली गेली असेल, तर आधी फोन. २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यानुसार मुलीचं वय १८ आणि मुलाचं २१ पूर्ण हवं. लग्न ठरवणारे, लावणारे, होऊ देणारे यांना दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणजे ग्रामसेवक. तो कचरला तर १०९८, पोलीस, किंवा जिल्ह्याची बालकल्याण समिती. लग्नाच्या धोक्यात असलेली मुलगी २०१५ च्या बालन्याय कायद्यानुसार काळजी व संरक्षणाची गरज असलेलं बालक ठरते. न्यायदंडाधिकारी लग्नाला मनाईही करू शकतात, आणि ती मोडून लावलेलं लग्न कायद्यानं लग्नच ठरत नाही.

या सगळ्यात शाळेकडे एक कागद असतो, जो दुसऱ्या कोणाकडे नसतो: जनरल रजिस्टरमधली जन्मतारीख. वयाचा वाद निघाला की बालन्याय कायदा शाळेच्या जन्मतारखेच्या दाखल्याला पहिल्या पुराव्यांत धरतो. फोन लागल्यावर तो उतारा तासाभरात हातात देता आला पाहिजे. कोणी कळवलं हे मात्र गावात सांगायचं नाही. मुलीनं सांगितलं, हे तर मुळीच नाही.

आणि मंडपातून वऱ्हाड परत गेलं म्हणून काम संपत नाही. थांबवलेलं लग्न पुढच्या महिन्यात दुसऱ्या गावात, दुसऱ्या जिल्ह्यात, रात्री चार माणसांत लागू शकतं. पालकांनी लिहून दिलेलं हमीपत्र पुढं हजेरीपटावर रोज तपासावं लागतं. सलग दोन-तीन दिवस मुलगी आली नाही तर त्याच संध्याकाळी घरी जावं.

५. जिवाचा प्रश्न

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद आहे, आणि त्यांत सर्वाधिक, १,७६४, महाराष्ट्रातल्या. लातूर-नांदेडला शिकवणीसाठी आलेली मुलं खोल्यांत, वसतिगृहांत एकटी राहतात, आणि गावाकडं कर्ज काढून पैसे पाठवले जात असतात. अशा मुलाच्या तोंडून ‘मी नसतो तर बरं झालं असतं’ असं निघालं की शिक्षकाला धडकी भरते आणि तो विषय बदलतो.

विषय बदलू नये. सरळ विचारावं: ‘जिवाचं बरंवाईट करावं असं मनात येतं का?’ विचारल्यानं मनात नसलेला विचार येतो, ही समजूत चुकीची आहे. शाळकरी मुलांवर झालेल्या अभ्यासांतही विचारल्यानं त्रास वाढलेला आढळला नाही. बहुतेकांना बोलता आल्यानं थोडं हलकंच वाटतं. उत्तर ‘हो’ आलं, तर कसं आणि कधी याचा काही विचार केला आहे का, हेही विचारावं. ठरलेलं असेल तर मुलाला एकटं सोडायचं नाही, घरचं माणूस येऊन ताब्यात घेईपर्यंत नाही. घरचा छळ हेच कारण असेल तर मात्र घरच्यांच्या आधी १०९८.

पालकांना बोलावल्यावर एक गोष्ट आवर्जून सांगावी: फवारणीचं औषध आजपासून कुलपात, आणि किल्ली मोठ्या माणसाच्या कनवटीला. श्रीलंकेनं १९९० च्या दशकात अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्यानं बंदी घातली, आणि पुढच्या दहा वर्षांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. अशा वेळची लाट पुष्कळदा काही तासांची असते. त्या तासांत हाताशी साधन नसलं तर माणूस वाचतो.

१४४१६ हा टेली-मानसचा मोफत नंबर आहे. ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे आणि तिथं मराठीत बोलता येतं. नांदेडजवळच्या विष्णुपुरीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग आहे. आत्महत्येचा प्रयत्न केला म्हणून पोलीस केस होईल ही भीतीही पालकांच्या मनातून काढावी. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं धरलं जातं, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुनं ३०९ कलम ठेवलेलंच नाही.

६. शिक्षकानं समुपदेशक व्हावं का?

गोव्यातल्या ‘संगाथ’ या संस्थेनं बिहारच्या नालंदा जिल्ह्यात ७४ सरकारी शाळांत एक मोठा प्रयोग केला. तो २०१८ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांच्या मनाची काळजी घेणारा एकच कार्यक्रम. त्यात मनातलं लिहून टाकायची पेटीही होती. काही शाळांत तो खास नेमलेल्या स्थानिक तरुण कार्यकर्त्यांनी चालवला, काहींत शाळेतल्याच शिक्षकानं. कार्यकर्त्यांच्या शाळांत वातावरण सुधारलं, नैराश्य आणि दांडगाई कमी झाली. शिक्षकांच्या शाळांत असा फरक दिसला नाही.

हा निकाल शिक्षकांच्या नालायकीचा पुरावा म्हणून वाचणं अन्यायाचं होईल. जो माणूस गुण देतो, हजेरी घेतो, मतदार याद्या करतो, त्याच्याच डोक्यावर आठवड्याच्या बैठका आणि समुपदेशन ठेवलं तर ते कागदावर राहणार. मला यातून दिसतं ते असं: उपचार हे शिक्षकाचं काम नाही. पहिलं ऐकणं आणि योग्य माणसापर्यंत नेणं हे आहे. केळी निसवली, घड भरू लागला की अर्धापूरचा शेतकरी झाडाला बांबूचा टेकू देतो. घड भरतो तो झाडाच्याच जोरावर. टेकूमुळं एवढंच होतं की वारं सुटलं तर झाड आडवं होत नाही.

म्हणून काही गोष्टी मायेपोटीही करू नयेत. रात्री अकराला मुलीशी व्हॉट्सअ‍ॅपवर बोलत बसू नये. तिला आपल्या घरी लपवून ठेवू नये. मुलाच्या बापाशी एकट्यानं भांडायला जाऊ नये. प्रत्येक वेळी सोबत दुसरा एक शिक्षक असावा, शक्यतो एक स्त्री.

७. शिक्षकखोली आणि गाव

लहान गावात बातमी शिक्षकखोलीतून फुटते. एकानं विश्वासानं दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्याची बायको मुलीच्या भावकीतली निघाली, आणि संध्याकाळपर्यंत घरी कळलं. ज्याला कळल्यावाचून काम अडणार आहे, त्यालाच सांगावं, आणि तेही कामापुरतं. पोक्सोच्या प्रकरणात मुलाची ओळख उघड करणं हा वेगळा गुन्हा आहे.

त्रास देणारा माणूस शाळेतलाच, किंवा संस्थेतलाच कोणी असेल, तेव्हा शिक्षकाची खरी परीक्षा होते. नोकरी त्यांच्या हातात असते. ‘शाळेचं नाव जाईल, आपसात मिटवू’ असं प्रेमानं सांगितलं जातं. मिटवण्याच्या त्या बैठकीत मुलाच्या बाजूचं कोणी बसलेलं नसतं. कळवण्याचं बंधन व्यक्तीवर आहे, ते शिक्षकानं एकट्यानंही पाळायचं असतं, आणि तारीख-वेळ घालून दिलेली लेखी खबर त्याचं स्वतःचं संरक्षणही करते. शासनानं २०१७ पासून तक्रार पेटी आणि २०२२ पासून मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती शाळांसाठी सक्तीची केली आहे. पेटी कॅमेऱ्याच्या आणि कार्यालयाच्या समोर टांगलेली असेल तर तिच्यात चिठ्ठी पडणार नाही. ती पाण्याच्या टाकीकडे जाणाऱ्या वाटेवर असावी, आणि दर आठवड्याला दोघांच्या समोर उघडली जावी.

८. दुसऱ्या दिवसापासून

त्याच दिवशी, मूल गेल्यावर, एका कागदावर लिहून ठेवावं: तारीख, वेळ, मुलानं वापरलेले शब्द जसेच्या तसे, आपण काय म्हणालो, कोणाला फोन केला. आपला तर्क त्यात घालू नये. खाली सही करून कागद कुलपात.

दुसऱ्या दिवशी वर्गात त्या मुलीकडं कीव आल्यासारखं पाहू नये. तिला नेहमीसारखाच प्रश्न विचारावा, नेहमीसारखीच वही तपासावी. काल ठरलेलं कुठवर आलं, हे मात्र तिला सांगायलाच हवं, काहीच झालं नसलं तरी: ‘फोन केला होता, ते गुरुवारी येतो म्हणाले.’ मोठ्यांना चार दिवस थोडे वाटतात. वाट पाहणाऱ्या मुलाला तेवढ्यात आपल्याला विसरले असं वाटू लागतं. अत्याचाराच्या प्रकरणात मनोधैर्य योजनेची मदत असते. तिचा अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करायचा, आणि तो भरायला कुटुंबाला शिक्षकाची मदत लागते.

आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत बदली होतेच. आदेश आला की ज्या दोन-तीन मुलांचं असं काही चालू आहे, त्यांना विचारावं, ‘माझ्यानंतर कोणाशी बोलशील?’ मूल नाव घेईल त्या शिक्षकाशी त्याची आपल्या समोर गाठ घालून द्यावी, आणि मुलाला चालेल तेवढं त्यांना सांगावं. हे उन्हाळ्याची सुट्टी लागण्याआधी करावं लागतं, कारण लग्नाच्या तिथी त्याच सुट्टीत असतात आणि तेव्हा शाळा बंद असते.